मधल्या वारचं गोड

मंगळवारी सकाळी ऑफिसात माझ्या टेबलावर अक्रोडाचा रोल दिसला आणि मी दोन पावलं अलीकडेच थांबले. कोट अजून अंगातच होता, एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात मोटारीची किल्ली. रोल चंदेरी कागदात गुंडाळलेला, वर लाल दोरी, आणि दोरीत खोचलेलं एक कार्ड. कार्डावर बर्फाच्या फांदीवर बसलेला लाल पक्षी. टपालाच्या गाडीवाल्यानं आणून ठेवला असणार. पलीकडच्या टेबलावरची बर्निस मान उंच करून म्हणाली, "कोण गं हा चाहता? आम्हाला तर कंपनीनं नाताळला कॅलेंडर दिलं, तेही मागच्या वर्षीचं उरलेलं." मी हसले. पण हात लावायचं धाडस होईना. तो उचलून खिडकीत ठेवावा, टेबलापासून लांब, असं वाटत राहिलं. मधल्या वारी आलेलं गोड मला सोसत नाही.

आमच्या घरी केक रविवारी व्हायचा. एरवी नाही. एरवी झाला तर कुणीतरी गेलेलं असायचं. आजोबा गेले त्या सोमवारी सफरचंदाचा होता. आमच्या कुत्र्याला दुधाच्या गाडीनं उडवलं त्या गुरुवारी चॉकलेटचा. आणि एका बुधवारी लिंबाचा, वर साखरेचा पातळ, कडक थर. मी अकरा वर्षांची होते. आई समोर बसून शाळेची चौकशी करत होती. भूगोलाच्या बाई बऱ्या झाल्या का, नवा बूट चावतो का, त्या जोनची आणि तुझी गट्टी झाली का. आईला जोन मुळीच आवडायची नाही. मी एक तुकडा खाल्ला, दुसरा मागितला, मग तिसरा. तोंड भरलेलं आहे तोवर ही सांगणार नाही, एवढं मला कळलं होतं. तिसरा संपला, बशी बोटानं पुसून झाली, आता बोटावरही काही उरलं नाही, तेव्हा आई म्हणाली, "बाबा डेट्रॉइटला राहायला गेलेत. तिकडेच राहणार आहेत." बाबांचं काय झालं ते नीट आठवत नाही, पण दातांत करकरणारी ती साखर मला आजही जशीच्या तशी आठवते. पुढे कॉलेजात व्यवसायातल्या पत्रलेखनाचा तास होता. प्राध्यापकांनी फळ्यावर वाईट बातमीच्या पत्राची बांधणी लिहिली: आधी गोड, मग कारणं, मग मधेच कुठेतरी ती बातमी, आणि शेवटी पुन्हा गोड. मी वर्गात मोठ्यानं हसले. आईचा केक खडूनं फळ्यावर काढलेला होता. त्या विषयात मला सगळ्यांत जास्त गुण मिळाले, आणि एकोणीस वर्षं मी टोलेडोच्या या पंपाच्या कंपनीत त्याच विषयावर पोट भरते आहे. नकार, दिलगिरी, कपात, उशीर, सगळं माझ्या टेबलावरून जातं. आमच्या खात्यात पत्राच्या पहिल्या परिच्छेदाला 'उशी' म्हणतात. उशी चांगली भरली की डोकं आपटत नाही, असं आमचा साहेब वेंडेल नव्या माणसांना सांगतो, आणि उदाहरण म्हणून माझी पत्रं दाखवतो.

कॉफी निवल्यावर मी कार्ड उघडलं. अक्षर तिरपं, जुन्या वळणाचं. 'प्रिय मिस लोरेटा स्विटाला, तुमचं पत्र मिळालं. इतकं सुंदर पत्र आमच्या घरी आजवर आलं नव्हतं. कालमन ते रोज वाचतो. आम्हाला आणखी काही नको. कंपनीचे मनापासून आभार. आता काही कळवायचं राहिलेलं नाही, तेव्हा तुम्ही पुन्हा तसदी घेऊ नका. आपली, सौ. मार्गिट होर्वाथ.' मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा बरं वाटलं, ते कबूल करते. दुसऱ्यांदा कानशिलं गरम झाली. तिसऱ्यांदा मी कोटाची बटणं लावली, कारण थंडी वाजायला लागली होती. त्या पत्रात आभार मानण्यासारखं काहीही नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटी आमच्या चारशे बारा निवृत्त कामगारांना ते गेलं होतं. कंपनी आजवर त्यांच्या बायकांच्या औषधांचा भार उचलायची, तो एक जानेवारीपासून बंद. सोबतचा फॉर्म सही करून येत्या शुक्रवारी पाच वाजायच्या आत आमच्याकडे पोचला, तर बायकोचं नाव दुसऱ्या एका योजनेत घालणार. नाही पोचला, तर ती बाई उघड्यावर. पुन्हा संधी नाही. एवढंच सांगायचं होतं. तीन ओळींचं काम. पण ते आम्ही तीन आठवडे आखलं. वाचणारा कोण, त्याला आधी काय ठाऊक आहे, वाचून झाल्यावर त्यानं काय करावं, वाचताना त्याला काय वाटेल, असे रकाने पाडून मी पिवळ्या वहीची दहा पानं भरली. शेवटी पाच परिच्छेद झाले. बातमी तिसऱ्या परिच्छेदात, एका लांबलचक वाक्याच्या पोटात, अशी ठेवली की वाचताना ठेच लागू नये. ठेच लागली नाही. चारशे बारा पत्रांना नऊ तक्रारी आल्या. वेंडेलनं बुधवारी डोनटचं खोकं आणलं आणि सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर थाप मारली. मी डोनट खाल्ला नाही. का नाही, ते तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

"बर्निस," मी म्हटलं, "औषधांचे फॉर्म किती आले गं?" फॉर्म तिच्याकडे जमा होत. तिनं गठ्ठ्यावरचा अंगठा भराभर फिरवला. "एकशे छत्तीस."

"चारशे बारापैकी?"

"अगं, लोक शेवटच्या दिवशी धावतात. आमचे हे तर मतदानालाही दिवे मालवायच्या वेळेला जातात."

"होर्वाथ आहे का बघ. कालमन होर्वाथ."

तिनं दोनदा पाहिलं. नव्हता. मी उठले, पाण्याच्या कूलरपर्यंत गेले, पाणी न घेता परत आले. नऊ तक्रारी. मला वाटलं होतं चारशे तीन माणसांनी ओठ आवळून सोसलं. त्यांनी सोसलं वगैरे काही नव्हतं. त्यांनी पहिला परिच्छेद वाचला होता, त्यांना बरं वाटलं होतं, आणि ते जेवायला बसले होते.

वेंडेल मुळात वाईट माणूस नाही. त्याच्या टेबलावर त्याच्या मुलींनी रंगवलेला दगड असतो आणि बोलताना तो दगडावरून अंगठा फिरवत राहतो. मी म्हटलं, दुसरं पत्र पाठवू या, आजच, पहिल्या ओळीतच बातमी. तो म्हणाला, "दुसरं पत्र पाठवलं म्हणजे पहिलं चुकलं असं आपणच लिहून दिलं."

"चुकलंच आहे."

"लोरेटा, नऊ तक्रारी. नऊ! हा आकडा मी वरच्या मजल्यावर सांगून आलोय. आता जाऊन काय सांगू? पत्र इतकं छान होतं की कुणाला कळलंच नाही?"

"हो. तेच सांग."

तो हसला. मग मी हसत नाही हे पाहून दगड ठेवून दिला. "हे बघ, आभाराच्या कार्डाला आभाराचं उत्तर जातं. दोन ओळी लिही, उबदार. विषय संपला. आणि त्या रोलचा एक तुकडा इकडे पाठव." मी त्याच्याकडे अर्धा रोल पाठवला. चांगला होता म्हणे. दुपारपर्यंत बर्निसनं उरलेला संपवला. अक्रोड, मनुका, वर अंड्याचा चकचकीत हात. माझ्या टेबलावर फक्त चुरा राहिला, तो मी ओल्या रुमालानं तीनदा पुसला.

बुधवारचा दिवस नुसता येरझारांत गेला. मी पिवळी वही काढली, रकाने पाडले. उद्देश: शुक्रवारच्या आत सही. वाचणारा: कालमन होर्वाथ, वय एकाहत्तर, कंपनीत एकतीस वर्षं, सगळी पंप तपासायच्या बाकावर. माध्यम: आणि इथे हात थांबला. आज पत्र टाकलं तर उद्या नाही तर परवा पोचणार, मग फॉर्म परत यायचा कधी? फोन. फोनवर बोलणं मला जमत नाही. कागदावर मी वाक्य मागे घेऊ शकते. तरी केला. मार्गिटबाईंनीच उचलला. आवाज बारीक, दमलेला, मधेमधे श्वास घ्यायला थांबणारा. मी म्हटलं रोल फार छान होता. त्या म्हणाल्या अक्रोड त्यांच्याच परसातले. मी म्हटलं यंदा पानं उशिरा गळली. त्या म्हणाल्या खरंच. मी तब्येत विचारली. त्या म्हणाल्या छातीचं जुनं दुखणं, गोळ्या आहेत, चालायचंच. गोळ्या! वाट आपोआप समोर आली होती, नुसतं पाऊल टाकायचं होतं. मी म्हटलं, थंडीत जपायला हवं. अकरा मिनिटं मी त्या बाईशी बोलले, आणि फोन ठेवल्यावर बर्निस म्हणाली, "मावशी होती का गं तुझी?" मला स्वतःची शिसारी आली. एकोणीस वर्षं उशा भरून भरून माझ्या तोंडात कापूस गेला होता.

संध्याकाळी पाऊस आला, बारीक, नोव्हेंबरचा. मी एकटीच राहते. स्वयंपाकघरात उभी राहून सूप पीत होते तेव्हा खाली तळघरात पंप सुरू झाला. आमच्याच कंपनीचा. नदीकाठच्या या शहरात प्रत्येक तळघरात एक खड्डा असतो, खड्ड्यात पाणी झिरपतं, पंप ते बाहेर ढकलतो. खट्, मग घुमल्यासारखा आवाज, मग पुन्हा खट् आणि शांतता. एप्रिलात नदी फुगली होती तेव्हा मी जिन्यात बसून तो आवाज ऐकला होता, आणि माझ्या मनात आलं होतं की हा पंप कुणीतरी हातात धरून, कान लावून, मग इकडे पाठवला असेल. त्या माणसाला ठाऊकसुद्धा नाही की मी कोरडी आहे. पत्राचा पहिला परिच्छेद मी तिथून आणला होता. 'दर वसंतात नदी फुगते आणि या शहराची तळघरं कोरडी राहतात. त्यामागे तुमचे हात आहेत. तुमच्या हाताखालून गेलेला पंप अनोळखी घरात जागा असतो, म्हणून त्या घरातली माणसं निवांत झोपतात.' रकाने पाडून हे सुचलेलं नव्हतं. त्या सगळ्या पत्रात एवढंच मी मनापासून लिहिलं होतं, आणि त्याचीच उशी झाली. सूप निवलं. पंप पुन्हा सुरू झाला तेव्हा मी रेडिओ लावला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी बर्निसकडून कोरा फॉर्म मागून घेतला. "कुठे निघालीस?" ती म्हणाली.

"पूर्वेला. नदीपलीकडे."

"वेंडेलनं विचारलं तर?"

"दाताच्या डॉक्टरकडे गेले म्हण."

"दोन दाढा सांगू? म्हणजे उशीर झाला तरी चालेल." बर्निस तशी आहे. पूल ओलांडेपर्यंत मी मोटारीत मोठ्यानं वाक्यं म्हणत होते. होर्वाथसाहेब, एक वाईट बातमी आहे. होर्वाथसाहेब, तुमच्या बायकोच्या गोळ्या. होर्वाथसाहेब, माझ्या पत्रातला तिसरा परिच्छेद तुम्ही वाचलात का? लाल दिव्याला शेजारच्या गाडीतला माणूस माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल नवऱ्याशी भांडायची तालीम चाललीय.

घर लहान, पांढरं, पायऱ्यांवरचा पाला झाडून काढलेला. दार कालमन होर्वाथ यांनीच उघडलं. उंच, खांद्यात वाकलेले, गुळगुळीत दाढी केलेली, आणि घरात असूनही गळ्यात टाय. मी नाव सांगितलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. "मार्गिट, अगं, पत्र लिहिणाऱ्या बाई आल्यात! बाहेर का उभ्या, या, या, कोट काढा." स्वयंपाकघरात टेबलाशी मार्गिटबाई बसल्या होत्या, लहानशा, ओठ निळसर, शालीत. त्या उठल्या नाहीत. माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, हसल्या नाहीत. आणि मग मला फ्रिजचं दार दिसलं. चुंबकानं लावलेली एक चिंचोळी पट्टी. माझा पहिला परिच्छेद, कात्रीनं नीट सरळ कापलेला, वर कंपनीचं चिन्ह आणि त्यांचं नाव. खाली काही नाही.

"एकतीस वर्षं, बाई," होर्वाथ म्हणाले, "फोरमन एकदाच माझ्याशी दोन वाक्यं बोलला. एक वाक्य, पंप गळतोय. दुसरं, तुझ्या बाकावरचा नाही. बास. आणि हे बघा." ते पट्टीसमोर उभे राहिले, चष्मा न लावता पाठ म्हणाले, शब्दन् शब्द. क्लबातही म्हणून दाखवलं म्हणे, तिथे दोघे जण रडले. मी म्हटलं घर किती छान ठेवलंय. म्हटलं पडदे सुंदर आहेत. त्यांनी कॉफी ओतली. मी म्हटलं कॉफी झकास आहे. खिडकीबाहेर अक्रोडाचं झाड होतं, मी त्या झाडाचं वय विचारलं. माझी मांडी टेबलाखाली आपोआप हलत होती आणि पर्समधल्या फॉर्मची घडी मला कापडातून टोचत होती. मार्गिटबाई माझ्याकडे एकटक बघत होत्या. त्यांनी माझ्यासमोर बशी सरकवली. बशीत अक्रोडाच्या रोलचा जाड तुकडा. मी बशीकडे पाहिलं आणि मला अकरा वर्षांची असल्यासारखं झालं.

"तुमच्याकडे कुठला पंप?" होर्वाथ म्हणाले. मी सांगितलं, जुना, लोखंडी टोपीचा. त्यांचा चेहरा उजळला. "मग तो माझ्या बाकावरचाच. आमच्या खाली तसाच आहे. थांबा, मी पाणी सोडतो, तुम्ही इथून ऐका. चांगल्या पंपाचा आवाज कसा असतो ठाऊक आहे? स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला. सगळं कळतं." आणि ते जिना उतरून खाली गेले, एकेक पायरी, कठड्याला धरून.

मार्गिटबाई पुढे झुकल्या. "मी सांगितलं होतं ना, तसदी घेऊ नका म्हणून." आवाज बारीक पण धारदार. "पत्र मी पुरतं वाचलंय. कात्री माझीच. खालचा भाग फॉर्मसकट कचऱ्यात गेला. तो रोज पेटीतून टपाल आणतो, पण उघडते मी. त्याला दिसत नाही नीट, आणि कबूल करायचं नाही."

"मग ते कार्ड?"

"तुम्हा लोकांचे आभार मानले की तुम्ही फाईल बंद करता. माझी बहीण बँकेत होती, मला ठाऊक आहे. कालमनला कुणी फोन करू नये म्हणून रोल पाठवला. तर तुम्ही स्वतःच आलात!" त्यांनी शाल ओढली. मी थक्क होऊन बघत राहिले. चार ओळींचं कार्ड. वाचणारा कोण, त्यानं काय करावं, सगळं या बाईनं आखलं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं. "निवृत्त झाल्यापासून तो त्या खिडकीतल्या खुर्चीत बसून होता," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं. आंघोळीलाही ढकलून धाडावं लागायचं. तुमचं पत्र आल्यापासून रोज सकाळी दाढी करतो. टाय लावतो. तळघर झाडलं. काल रात्री मला म्हणाला, मार्गिट, आपण काही फुकट नाही जगलो. गोळ्यांचं काय घेऊन बसलात! मला हे हवंय. हे माझ्याकडून काढून घेऊ नका, बाई."

खालून खट् असा आवाज आला आणि पंप घुमायला लागला. फरशीतून तळव्यांना कळत होता. मी पर्समधून फॉर्म काढला. "उद्या पाच वाजेपर्यंत आहे," मी म्हटलं. "सही त्यांचीच लागते. नाही केली तर जानेवारीपासून तुम्हाला काही नाही, आणि मग कधीच नाही." त्या फॉर्मकडे बघत राहिल्या. ओठ हलले. माणूस मरायला तयार असतो तो बोलताना. कागद समोर आला की हात पुढे होतो. त्यांचाही झाला, आणि मला त्यांची इतकी कणव आली की डोळ्यांत पाणी आलं. "मग असं करा," त्या कुजबुजल्या, "सही घ्या. सांगू मात्र नका. म्हणा कंपनीच्या आठवणींच्या पुस्तकासाठी हवीय. तो विचारणार नाही."

आणि मी तयार झाले. हे लिहायला नको होतं, पण झाले. डोक्यात वाक्यं जुळलीसुद्धा, एकाला एक, गुळगुळीत: कंपनी आपल्या जुन्या माणसांच्या सह्या जमवते आहे, तुमच्याशिवाय ते पुस्तक अपुरं राहील. ही माझ्या हयातीतली सगळ्यांत चांगली उशी होती. गोळ्याही मिळणार होत्या, दाढीही राहणार होती, कुणाचं डोकं आपटणार नव्हतं. जिन्यावर पावलं वाजली. होर्वाथ वर आले, धापा टाकत, हात ओले, चेहरा लहान मुलासारखा. "ऐकलात?"

"ऐकला," मी म्हटलं. "होर्वाथसाहेब, एक सही हवी होती."

"कंपनीला? माझी?" त्यांनी हात पँटला पुसले, बसले, टाय सारखा केला. चष्मा शोधायचं नाटकही केलं नाही. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी पेन टेकवलं. "वाचायचं काय त्यात. तुम्ही लिहिलंय म्हणजे चांगलंच असणार."

मी त्यांच्या हाताखाली माझा तळवा घातला. पेनाची रेघ माझ्या अंगठ्यावर उमटली. "थांबा. सही नका करू अजून. आधी ऐका. एक जानेवारीपासून कंपनी मार्गिटबाईंच्या गोळ्यांचा खर्च देणार नाही. तुम्हाला आलेल्या पत्रात हेच होतं. तिसऱ्या परिच्छेदात. ते मी लिहिलं होतं, आणि तुम्हाला टोचू नये म्हणून मुद्दाम तसं लिहिलं होतं. या फॉर्मवर सही केलीत तर त्यांना दुसरी योजना मिळेल. पहिल्याइतकी चांगली नाही. पण मिळेल." मी हे एका दमात बोलले. माझ्या आयुष्यात मी अशी बातमी कधी दिली नव्हती, पुढे काही नाही, मागे काही नाही. मार्गिटबाईंनी डोळे मिटून घेतले.

खाली पंप थांबला, खट्. होर्वाथ उठले, खणातून चष्मा काढला, काच शर्टाला पुसली, आणि फॉर्म वरपासून वाचायला घेतला. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. दोन्ही बाजू. पाच-सात मिनिटं लागली असतील. त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि पेनाचं टोपण लावलं. मग बायकोकडे वळले. "तुला ठाऊक होतं?" मार्गिटबाईंनी होकाराची मान हलवली. "गाढव आहेस," ते म्हणाले आणि त्यांची शाल नीट केली. मग फ्रिजकडे बघितलं. "हे सगळ्यांना पाठवलंत?"

"हो. चारशे बारा जणांना. नावं तेवढी वेगळी."

"हं." ते चुंबकापाशी गेले. "म्हणजे खोटं."

"नाही!" मी इतक्या जोरात म्हटलं की मलाच दचकायला झालं. "एप्रिलात माझ्या तळघरात पाणी भरत होतं. मी जिन्यात बसले होते, पंप चालू होता. तेव्हा सुचलं. ते खरं आहे. तेवढंच खरं आहे."

त्यांनी पट्टी काढली. हातात धरून, या वेळी चष्म्यातून, पहिल्यांदाच नीट वाचली. "मग बाई, हे खाली लिहायचं होतं. आधी ते सांगायचं, आणि मग हे. तेव्हा मी खरं मानलं असतं." रागावले नव्हते. पंप गळतोय असं सांगावं तसं सांगितलं. पट्टीची घडी घातली, फॉर्मवर ठेवली, आणि दोन्ही माझ्याकडे सरकवलं. "घेऊन जा. आणि जागेवर लावा." मग ते खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसले, पाठ आमच्याकडे. टाय मात्र सोडला नव्हता. मी कोट घातला. रोलच्या बशीला मी हात लावलेला नव्हता. मार्गिटबाई माझ्याकडे बघायला तयार नव्हत्या, आणि मलाही त्यांच्याकडे बघवेना.

मोटारीत बसून मी किल्ली लावली आणि फिरवली नाही. फॉर्म शेजारच्या आसनावर, त्यावर ती पट्टी, घडी उलगडून अर्धी उभी राहिलेली. मी होर्वाथांच्या बायकोला वाचवलं आणि नऊ वर्षांनी परत आलेल्या त्यांच्या सकाळी काढून घेतल्या. उद्या दाढी होईल की नाही, मला कधीच कळणार नव्हतं. अजून दोनशे पंचाहत्तर घरं होती, चोवीस तासांच्या आसपास वेळ होता, आणि एक टेलिफोन. वेंडेलला काय सांगायचं ते मी जुळवायला लागले, सवयीनं. या तिमाहीत आपल्या खात्यानं किती छान काम केलं, इथून सुरुवात. मग थांबले. मोटारीच्या काचेवर टकटक झाली. मार्गिटबाई, शाल डोक्यावरून घेतलेली, एवढ्याशा चालण्यानं धाप लागलेली. मी घाईनं काच खाली केली.

त्यांनी चंदेरी कागदातलं पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं. "त्यानं पाठवलंय," त्या म्हणाल्या. "म्हणाला, बाईंनी बशीतलं खाल्लं नाही. आता सांगून झालंय म्हणावं, आता खा." आणि त्या वळून, कठड्याला धरत, पायऱ्या चढून गेल्या.

मी कागद उलगडला आणि तिथेच, गल्लीत उभ्या मोटारीत, तो तुकडा खाल्ला. अक्रोड थोडे कडू होते. मग बोटं पुसली, मोटार सुरू केली, आणि ऑफिसात जाऊन सरळ वेंडेलच्या खोलीत शिरले. तो दगड हातात घेणार तेवढ्यात मी म्हटलं, "वेंडेल, फॉर्म न आलेल्या सगळ्यांना मी आत्ता फोन करायला बसतेय, पत्र चुकलं म्हणून सांगायला." खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले, आणि मग त्याच्या मुलींची चौकशी केली.